राखेखालचे शहर, राखेवरची शेती

शाळेच्या भूगोलात ज्वालामुखीचे चित्र आपण सर्वांनीच पाहिलेले असते. डोंगराच्या माथ्याला भोक, त्यातून वर उडणारी आग आणि उतारावरून वाहणारा तप्त रस. त्या उतारावर द्राक्षाची बाग आहे, टोमॅटोची रोपे आहेत आणि बांधावर उभा असलेला शेतकरी आभाळाकडे बघतो आहे, असे चित्र मात्र पुस्तकात नसते. इटली देशातील व्हेसूव्हियस डोंगरावर नेमके हेच पाहावयास मिळते. याच डोंगराने इ. स. ७९ साली आपल्या पायथ्याचे पॉम्पेई नावाचे भरभराटीचे शहर दोन दिवसांत राखेखाली गाडले. त्याच्याच राखेवर आज हजारो कुटुंबे पोट भरतात.

गेल्या ऑक्टोबरात हे दोन्ही एका दिवसात पाहण्याचा योग आला. आमची मुलगी व जावई नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. त्यांनी आम्हा उभयतांना बोलावून घेतले आणि चार दिवस इटलीतील नेपल्स शहरी नेले. तेथून पॉम्पेई सुमारे २५ किलोमीटर. आगगाडीनेही पाऊण तासात जाता येते. परंतु गुडघ्यांचा विचार करून आम्ही दिवसभरासाठी एक मोटार आणि एक परवानाधारक मार्गदर्शक बाई ठरवल्या. त्यांचे शिक्षण पुरातत्त्वाचे आणि आजोळ व्हेसूव्हियसच्या उतारावरच्या एका शेतकरी घराचे. त्यामुळे मी मातीविषयी विचारले तरी त्यांना कंटाळा आला नाही आणि सौभाग्यवतींनी चुलीविषयी विचारले तरीही नाही.

ओळखीचे वाटणारे घर

पॉम्पेईचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने १६० एकरांहून थोडा अधिक. १७४८ साली येथे खोदकाम सुरू झाले आणि आजही शहराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मातीखालीच आहे. पुढच्या पिढ्यांकडे अधिक चांगली साधने असतील, म्हणून पुष्कळसा भाग मुद्दाम तसाच ठेवला आहे.

आत शिरताच लक्ष जाते ते रस्त्यांकडे. काळ्या लाव्हाच्या मोठ्या फरशा बसवलेल्या आहेत आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसतात. रस्त्यावर पाणी व घाण वाहत असे, म्हणून पायी जाणाऱ्यांसाठी मध्ये उंच दगड टाकले आहेत. दोन दगडांमधून गाडीचे चाक नेमके जाईल एवढी जागा सोडलेली आहे.

श्रीमंतांची घरे पाहताना आपल्याकडच्या वाड्याची आठवण झाल्यावाचून राहात नाही. मध्ये चौक, चौकावरचे छप्पर आतल्या बाजूला उतरते, मधोमध उघडे आभाळ आणि खाली दगडी कुंड. चारही बाजूंचे पावसाचे पाणी त्या कुंडात पडे व तेथून जमिनीखालच्या टाक्यात साठे. पुढे शहरात कालव्याचे पाणी शिशाच्या नळांनी आले, तरी टाकी होतीच. छपरावरचे पाणी साठवा म्हणून आम्ही गावोगाव सभा घेतो. ती गोष्ट येथे दोन हजार वर्षांपूर्वी घराच्या नकाशातच बसवलेली होती. एका घराच्या उंबऱ्यापाशी रंगीत खड्यांनी साखळीचा कुत्रा काढलेला असून खाली ‘कुत्र्यापासून सावध’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. ते पाहून जावईबापू म्हणाले, “मामा, ही पाटी तर अजूनही बदललेली नाही!”

जात्यापाशी

पॉम्पेईत तीसहून अधिक भट्ट्या होत्या. एका भट्टीत तर ८१ पाव जसेच्या तसे, कोळसा झालेले सापडले. गोल पाव आणि त्यावर आठ भाग पाडणाऱ्या रेघा, म्हणजे हाताने मोडताना सारखे तुकडे पडावेत.

भट्टीशेजारी जाती उभी आहेत. आपले जाते दोन चपट्या दगडांचे. येथे खालचा दगड उभ्या शंकूसारखा आणि त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड. वरून धान्य टाकायचे, लाकडी दांडा लावायचा आणि गाढवाने किंवा माणसाने गोल फिरायचे. दगड खडबडीत, सच्छिद्र लाव्हाचा, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा टाकावा लागत नसावा असे सौभाग्यवतींचे मत पडले. त्यांनी लहानपणी पहाटे आईबरोबर जाते ओढलेले आहे. त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्या जात्यामागची कथा मात्र गोड नाही. २०२३ साली येथे एक अरुंद भट्टी उजेडात आली. तिला बाहेर पडण्यास स्वतंत्र वाट नव्हती आणि लहान खिडक्यांना लोखंडी गज होते. गाढवे डोळे बांधून गोल फिरवीत. त्यांनी नेमके कोठून चालावे यासाठी फरशीवर खाचा पाडलेल्या होत्या. तेथेच गुलाम माणसेही कोंडलेली असत. शहराबाहेरच्या एका मोठ्या शेतवाड्यात २०२१ साली गुलामांची एक खोली सापडली. तीन खाटा, त्यांतली एक लहान, बहुधा मुलाची; आणि उरलेल्या जागेत सामानाची अडगळ. रोमच्या वैभवाची वर्णने पुष्कळ वाचली होती, पण ते ज्यांच्या पाठीवर उभे होते त्यांची खाट या खोलीत दिसते. आपल्याकडचा सालगडी कितीही गरीब असला तरी साल संपले की त्याला दुसरा मालक बघता येतो. यांना तेही नव्हते.

मुळांनी सांगितलेली बाग

शेतकऱ्याने पॉम्पेईत काय पाहावे, असे मला कोणी विचारले तर मी राजवाडे सोडून द्राक्षबागा पाहा म्हणेन. शहराच्या तटाच्या आतच, मोठ्या रंगमंडलाजवळ एक द्राक्षबाग होती. ती कशी सापडली हे ऐकण्यासारखे आहे.

झाडे राखेखाली गेली. लाकूड व मुळे कालांतराने कुजली आणि जमिनीत मुळाच्या आकाराची पोकळी राहिली. विल्हेल्मिना जॅशेम्स्की या अमेरिकन संशोधक बाईंनी १९६० च्या दशकापासून अशा पोकळ्या शोधल्या. आतली खडी काढून त्यात सिमेंट ओतायचे, ते घट्ट झाले की भोवतालची माती दूर करायची. मुळाचा हुबेहूब साचा हाती येतो. त्यावरून झाड कोणते, त्याचे वय किती, शेजारी आधाराची काठी होती की नाही, सारे कळते. या बागेत द्राक्षवेलींच्या मुळांच्या दोन हजारांवर जागा मिळाल्या. वेली ओळीने, सुमारे चार रोमन फुटांवर लावलेल्या, प्रत्येकीला काठीचा आधार आणि मधूनमधून फळझाडे. रोमन लेखकांनी आपल्या शेतीच्या ग्रंथांत सांगितलेली लागवड प्रत्यक्षात तशीच होती, हे त्या मुळांनी सिद्ध केले. १९९० च्या दशकात याच जागांवर त्या भागातील जुन्या जातींच्या वेली पुन्हा लावण्यात आल्या.

जवळच बॉस्कोरेआले येथे १९७७ साली एक जुने शेतघर सापडले. त्याच्या अंगणात मातीचे अठरा मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले आहेत. सुमारे दहा हजार लिटर द्राक्षरस त्यांत मावे. जमिनीत पुरल्याने रस थंड राही. आपल्याकडे धान्याचे पेव असे, त्याच जातीची ही युक्ती.

बागेतील तेरा माणसे

दक्षिणेकडील तटाजवळ आणखी एक द्राक्षबाग आहे. तिला ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ म्हणतात. काचेमागे तेरा माणसे पडलेली आहेत. मोठी माणसे आहेत, लहान मुलेही आहेत. हे पुतळे नव्हेत. राखेत देह नाहीसा होऊन उरलेल्या पोकळीत प्लॅस्टर ओतण्याची रीत जुझेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ साली काढली. मुळांची युक्ती त्याच धर्तीवरची. अंगावरच्या कपड्याची घडीसुद्धा दिसते. आमच्यात येथे कोणी काही बोलले नाही.

त्या दोन दिवसांत काय झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. इ. स. ६२ च्या सुमारास येथे मोठा भूकंप झाला होता. लोकांनी घरे पुन्हा बांधली. काहींची दुरुस्ती तर सतरा वर्षे चाललेली होती. स्फोट २४ ऑगस्टला झाला असे पूर्वी मानत. परंतु २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली व तिची तारीख १७ ऑक्टोबरशी जुळते. शिवाय डाळिंबे, अक्रोड आणि नवा द्राक्षरस भरून तोंड बंद केलेले रांजणही मिळाले आहेत. म्हणून तो शरद ऋतूत झाला असावा, असे आता पुष्कळ अभ्यासक मानतात. पीक नुकतेच घरात आले होते, असा याचा अर्थ.

दुपारच्या सुमारास डोंगरातून राखेचा खांब आभाळात सुमारे तीस किलोमीटर वर गेला. खाडीपलीकडून पाहणाऱ्या धाकट्या प्लिनीने त्याला छत्रीसारख्या पसरलेल्या पाइन वृक्षाची उपमा दिली आहे. त्याचे मामा थोरले प्लिनी हे आरमाराचे प्रमुख आणि शेतीवरही विपुल लिहिणारे विद्वान. ते जहाजे घेऊन लोकांना सोडवण्यास गेले आणि स्टाबिए येथील किनाऱ्यावर मरण पावले. तेथील लोकांनी डोक्यावर उशा बांधून वाट काढल्याचे प्लिनीने लिहून ठेवले आहे.

पॉम्पेईवर मात्र पहिल्या दिवशी हलके, सच्छिद्र खडे पडत होते; पाय घासण्याच्या दगडासारखे. तासाला सुमारे १५ सेंटिमीटर थर चढत गेला. छपरे त्या वजनाने बसली. तरीही त्या वेळी निघालेला माणूस वाचू शकत होता, आणि पुष्कळ निघालेही. शहराची वस्ती दहा-बारा हजारांची असावी असा अंदाज आहे आणि सापडलेले मृत अकराशेहून काही अधिक. जे घरात थांबले, खडे पडणे थोडे कमी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जे बाहेर पडले, त्यांना तप्त वायू आणि राखेचा लोट आडवा आला. त्याच्यापुढे धावून उपयोग नसतो. बागेतली तेरा माणसे अशीच, शहराच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर, खड्यांच्या थरावरून चालत असता सापडली.

एक ओळखीची मूर्ती

आदल्या दिवशी नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात पाहिलेली एक वस्तू येथे सांगितलीच पाहिजे. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. उंची वीतभरापेक्षा थोडी अधिक, अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन दासी. मूर्ती भारतातील आहे आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ती ओळखली जाते. यक्षी असावी असेही काहींचे मत आहे. याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेल्या आहेत. ‘पेरिप्लस’ या त्या काळच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात पैठण व तगर, म्हणजे तेर, यांची नावे असून तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे नमूद आहे. आपल्या गोदाकाठच्या गाडीवानांनी हाकलेला माल या शहरापर्यंत पोचत होता, ही कल्पनाच किती मोठी वाटते!

राखेवरची शेती

दुपारचे जेवण बाईंच्या मामांच्या शेतावर, डोंगराच्या उतारावर ठरले होते. गाडीतून उतरल्याबरोबर मी मूठभर माती उचलली. करडी-काळी, भुसभुशीत, हाताला हलकी. ओल धरून ठेवते, पण पाणी साचू देत नाही. व्हेसूव्हियसच्या लाव्हात पालाश भरपूर असतो. स्फुरदही असतो, परंतु राखेच्या जमिनी तो घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे पिकाला मिळवून देण्यासाठी सेंद्रिय खताचा आधार द्यावा लागतो.

द्राक्षांची तोडणी होऊन गेली होती. ओसरीत मात्र छताखाली लाल टोमॅटोंचे घोस टांगलेले होते. हा ‘पियेन्नोलो’ जातीचा टोमॅटो. फळ लहान, टोकाला किंचित निमुळते, साल जाड. त्याला पाणी फार थोडे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये घोसच्या घोस तोडून ते तागासारख्या दोऱ्याच्या कड्याला गुंफतात आणि हवेशीर जागी टांगतात. लसणाची वेणी टांगावी तसे हे टोमॅटो शीतगृहाशिवाय हिवाळाभर टिकतात. २००९ साली या टोमॅटोला युरोपात आपल्या भौगोलिक मानांकनासारखे संरक्षण मिळाले, तेव्हापासून दुसऱ्या भागातल्या मालाला हे नाव लावून विकता येत नाही. भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो, हे पाहत आलेल्या माणसाला त्या छताखालून हलवत नव्हते.

मामा सत्तरीचे. त्यांच्या वडिलांनी १९४४ सालच्या मार्चमधील स्फोट लहानपणी पाहिला होता. तो आजवरचा शेवटचा. सान सेबास्तियानो हे गाव तेव्हा लाव्हाखाली गेले. मी विचारले, “एवढे माहीत असून येथे कसे राहता?” बाईंनी भाषांतर केले. मामांनी उलट मलाच विचारले, “तुमची जमीन कोठे आहे?”

आमची वडिलार्जित जमीन कृष्णाकाठची. २००५ साली पुराचे पाणी घरात आले. २०१९ साली पुन्हा आले. तेव्हा गावातील पुष्कळ मंडळी २००५ ची भिंतीवरची खूण दाखवून ‘याच्यावर काही चढणार नाही’ म्हणत थांबली. पाणी त्या खुणेच्या वर गेले. काहींना नावेतून काढावे लागले, दावणीची जनावरे दावणीलाच गेली. हे सांगून झाल्यावर मामांनी मान हलवली. दोघांनाही अधिक बोलावेसे वाटले नाही.

काठावर

शेवटचा टप्पा डोंगराचा माथा. व्हेसूव्हियसची उंची १,२८१ मीटर. वाहने सुमारे हजार मीटरपर्यंत जातात, पुढे अर्ध्या तासाची खडीची चढण. हातात काठी घेतली तर आमच्या वयालाही जमते. वर गेल्यावर विवर दिसते. सुमारे ४५० मीटर रुंद आणि ३०० मीटर खोल. आत आग नाही. कडांमधून मात्र वाफेच्या पांढऱ्या रेघा निघत असतात. डोंगर झोपला आहे, मेलेला नाही, एवढे त्यावरून कळते.

उतरताना १९४४ च्या लाव्हावर करड्या रंगाचा थर दिसला. सौभाग्यवती वाकून म्हणाल्या, “अहो, हे तर आपल्या मसाल्यातल्या दगडफुलासारखे दिसते!” जात निराळी, पण कूळ तेच. उघड्या लाव्हावर प्रथम हेच येते, दगड किंचित कुजवते, धूळ धरून ठेवते. मग गवत येते, नंतर पिवळ्या फुलांची झुडपे, त्यानंतर झाडे. माती तयार कशी होते हे मी सभांतून फळ्यावर काढून सांगत आलो. येथे ते चढत्या क्रमाने डोंगरावर मांडून ठेवले आहे. आपली काळी जमीनही अशाच लाव्हाची लेक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचाच सह्याद्री झाला आणि तोच झिजून आपली रेगूर. व्हेसूव्हियसची माती तिची फार धाकटी बहीण. एवढ्या काळाची ही ठेव एका वळवाच्या पावसात बांध फुटून ओढ्याला जाते, तेव्हा काय जाते याचा विचार व्हावा.

बहात्तर तास

व्हेसूव्हियसच्या अतिधोक्याच्या पट्ट्यात आज सुमारे सात लाख लोक राहतात. १८४१ साली येथे स्थापन झालेली वेधशाळा ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी जगातील पहिली. जमिनीचे हादरे, फुगवटा आणि निघणारे वायू यांची अहोरात्र नोंद होते. धोक्याची सूचना झाली की बहात्तर तासांत सर्वांना हलवावयाचे, अशी सरकारी योजना आहे. प्रत्येक गाव इटलीतील कोणत्या प्रांतात जाईल हेही ठरलेले आहे.

मामांच्या दारामागे एक पिशवी टांगलेली होती. कागदपत्रे, औषधे, विजेरी. “आणि शेळ्या?” असे मी विचारले. त्यांनी दाराची कडी दाखवली. ती बाहेरून काढता येते व आतून ढकलताही येते.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. व्हेसूव्हियसचे तिकीट वेळ ठरवून आगाऊ, इंटरनेटवर काढावे लागते. पॉम्पेईतही २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजारच माणसे सोडतात आणि तिकिटावर नाव लागते. चांगले जाड तळाचे बूट घालावेत. पॉम्पेईत सावली थोडी, म्हणून टोपी व पाणी बरोबर हवे. माथ्यावर वारा गार असतो, तेव्हा स्वेटर विसरू नये. आणि दिवसभराची गाडी ठरवताना मार्गदर्शकाचा परवाना पाहून घ्यावा.

ज्यांना जाणे नाही त्यांच्यासाठी एकच. नदीकाठचे, ओढ्याकाठचे किंवा डोंगराच्या कुशीतले घर असेल तर या पावसाळ्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे. सातबारा, पासबुक, औषधे कोणत्या पिशवीत, म्हाताऱ्या माणसांना कोणी न्यायचे, निघायचे कोणाकडे, आणि दावणीची जनावरे कोणी सोडायची, हे नावानिशी ठरवावे. भिंतीवरची जुनी खूण पाहून थांबू नये.